प्रश्न विचारायला ना नाही, फोन उघडायला आहे

ब्रिटनमध्ये टेररिझम ॲक्ट २००० नावाचा कायदा आहे. त्याच्या शेवटी जी शेड्युल्स जोडलीयेत त्यातलं सातवं आणि चौदावं शेजारी शेजारी ठेवून वाचलं की हसावं की रडावं कळत नाही. सातव्यात लिहिलंय की एअरपोर्टवर किंवा बंदरावर ऑफिसरने तुम्हाला चौकशीसाठी थांबवलं आणि तुम्ही मुद्दाम सहकार्य केलं नाही तर तो गुन्हा, तीन महिन्यांपर्यंत जेल होऊ शकते. चौदाव्यात लिहिलंय की ऑफिसरने कसं वागायचं याची नियमावली गृहमंत्री काढतील आणि ऑफिसरने ती पाळायची, आणि नाही पाळली तर? तर तेवढ्या कारणावरून त्याच्यावर ना फौजदारी ना दिवाणी, कोर्टात पुरावा म्हणून ती नियमावली दाखवता येते इतकंच. म्हणजे प्रवासी चुकला तर कोठडी आणि ऑफिसर चुकला तर कागद.

आता हे वाचून कुणाला वाटेल की हा बाबा पोलिसांच्या विरोधात लिहायला बसलाय. तसं नाहीये. माझं मत उलट असं आहे की सरहद्दीवर कुणालाही, अगदी काहीही संशय नसताना, थांबवून प्रश्न विचारायचा अधिकार पोलिसांना असावा. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे, ते येईल ओघात.

आधी एक गोंधळ निस्तरतो कारण आपल्या लोकांत तो फार आहे. मी लंडनजवळच्या स्लाऊला राहतो, इथे मराठी घरं भरपूर आणि दर उन्हाळ्यात आई-वडील, सासू-सासरे, मावश्या यांची ये-जा चालू असते. कुणालाही जरा बाजूला घेतलं की घरी येऊन "मला टेररिस्टसारखं वागवलं" अशी कथा होते. अहो, बहुतेक वेळा ते कस्टम्सवाले असतात आणि त्यांना तुमच्या बॅगेतल्या पेढ्यांमध्ये इंटरेस्ट असतो (बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, पण आपण ऐकतो का). किंवा मग इमिग्रेशनवाला असतो, त्याला फक्त तुम्ही परत कधी जाणार ते हवं असतं. शेड्युल सेव्हन ही तिसरीच गोष्ट. तिथे समोर बहुतेक दहशतवादविरोधी पोलीस असतो आणि त्याचं काम एकच, हा माणूस दहशतवादी कृत्य करण्यात, त्याची तयारी करण्यात किंवा चिथावणी देण्यात गुंतलेला आहे किंवा होता असं दिसतं का हे ठरवणं. त्यासाठी त्याला आधी संशय असावा लागत नाही. कायद्यात तसं सरळ लिहिलंय. ब्रिटिश नागरिक असलात तरी सुटका नाही, आणि एरवी पोलिसांसमोर गप्प बसायचा जो हक्क असतो तो इथे नाही.

हे आलं कुठून? बऱ्याच जणांना वाटतं ९/११ नंतर आलं आणि मुसलमानांसाठी आलं. कायदा नावाप्रमाणे २००० सालचा, म्हणजे ९/११ च्या आधीचा, आणि त्याचं मूळ आणखी मागे आहे. २१ नोव्हेंबर १९७४ ला बर्मिंगहॅममध्ये दोन पबमध्ये बॉम्ब फुटले (आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेचे, असं मानलं जातं), २१ माणसं गेली, आणि आठ-दहा दिवसांच्या आत पार्लमेंटने तात्पुरता म्हणून एक कायदा पास करून टाकला. तो तात्पुरता कायदा या ना त्या रूपात पंचवीस वर्षं चालला, तात्पुरत्या गोष्टींचं सगळीकडे असंच असतं. तेव्हा बोटीतून उतरताना बाजूला काढले जायचे ते आयरिश लोक, त्यांचा उच्चार ऐकला की झालं. आजही या शेड्युलमध्ये नॉर्दर्न आयर्लंडच्या सरहद्दीलगतचा एक मैलाचा पट्टा वेगळा धरलेला आहे तो त्या काळाची खूण. गंमत म्हणजे गोरी, ख्रिश्चन, इंग्रजी बोलणारी माणसं सुद्धा एकदा "तसली" ठरली की ठरली.

बरं, मग मी या अधिकाराच्या बाजूने का? तीन उदाहरणं देतो.

१७ एप्रिल १९८६, हीथ्रो. ॲन-मरी मर्फी नावाची आयरिश बाई, गरोदर, तेल अवीवला निघालेली. एअरपोर्टच्या नेहमीच्या तपासणीतून ती पार झाली होती. एल ॲल या इस्रायली विमान कंपनीच्या सिक्युरिटीवाल्यांनी तिला साधेसुधे प्रश्न विचारले, बॅग तपासली, ती रिकामी करूनही जड लागली, आणि तळाशी दीड किलो सेमटेक्स नावाचं स्फोटक निघालं. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं, तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, नेझार हिंदावीने, ते भरून दिलं होतं. त्याला पुढे ४५ वर्षांची शिक्षा झाली. या बाईवर संशय घ्यायला कुठलंही कारण नव्हतं. "आधी संशय दाखवा मग प्रश्न विचारा" असा नियम असता तर ते विमान गेलंच होतं. (ती शेड्युल सेव्हनची केस नव्हे हे मान्य, पण मुद्दा तोच.)

दुसरा डेव्हिड हेडली, तो आपल्या जास्त जवळचा. मूळचा दाऊद गिलानी, २००६ मध्ये त्याने कायदेशीररीत्या नाव बदललं, अमेरिकन पासपोर्टवर नवं नाव आलं, आणि हा माणूस २६/११ च्या आधी मुंबईत पुन्हा पुन्हा येऊन गेला, ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये चक्क इमिग्रेशन कन्सल्टन्सीचं ऑफिस थाटून बसला, ताजचं व्हिडिओ शूटिंग करून गेला. आपल्या एअरपोर्टवर त्याला कुणी म्हणालं नाही की बाबा रे तू एवढ्या फेऱ्या कसल्या मारतोयस. का म्हणेल? नाव गोऱ्याचं, पासपोर्ट निळा. जे लोक म्हणतात ना की "सरळ तोंड बघून पकडा, कशाला नाटकं", त्यांना मी हेडली दाखवतो. तोंड आणि नाव बघून पकडायचं म्हटलं की समोरचा नाव बदलून येतो, इतका साधा हिशोब आहे.

आणि तिसरा सलमान अबेदी. १८ मे २०१७ ला लिबियाहून मँचेस्टरला उतरला, कुणी थांबवलं नाही, चार दिवसांनी त्याने मँचेस्टर अरीनाच्या बाहेर स्वतःला उडवून दिलं आणि २२ लोक मारले, त्यात लहान मुलं होती. नंतर सर जॉन सॉन्डर्स यांच्या चौकशीचा जो अहवाल मार्च २०२३ मध्ये आला त्यात एमआय-फाइव्ह या ब्रिटिश गुप्तचर संस्थेने महत्त्वाची संधी घालवली असं स्पष्ट म्हटलं. आता इथे नीट बघा. त्या दिवशी मँचेस्टरला शेड्युल सेव्हन होतं, पूर्ण ताकदीनिशी होतं. कमी पडला तो अधिकार नव्हे, हातात असलेल्या माहितीवर वेळेत हलणं कमी पडलं. याकडे मी परत येणारे.

म्हणून प्रश्न विचारायला माझी हरकत नाही. अर्ध्या तासाच्या प्रश्नांनी कुणी मरत नाही. पण बिनसंशयाचा अधिकार म्हणजे दावं नसलेला बैल, त्याला वेसण हवीच, आणि ती वेसण म्हणजे ही नियमावली. ती वाईट नाहीये, खरं सांगायचं तर वाचल्यावर मला बरीच बरी वाटली. त्यात म्हटलंय की निवड मनमानी नको. काय बघायचं तर दहशतवादाच्या ज्ञात धोक्यांचे स्रोत, प्रवासाचा पॅटर्न, कुठून कुठे कशाने जातायत, माणसाचं वागणं. नुसता वंश किंवा धर्म हे कारण चालणार नाही. एक तासाच्या पुढे प्रश्न चालू ठेवायचे तर रीतसर ताब्यात घ्यायचं, ताब्यात घेतलं की वकिलाशी बोलायचा हक्क, सगळं मिळून सहा तासांच्या वर नाही. झडती घेणारा तुमच्याच लिंगाचा हवा. कपडे उतरवून झडती घ्यायची तर तिथे मात्र ठोस संशय हवा आणि वरच्या ऑफिसरची परवानगी हवी. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे लागणारे.

यातलं पुष्कळसं २०१४ च्या दुरुस्तीनंतरचं आहे. आधी नऊ तास ठेवता यायचं. आणि ही सुधारणा कुणाला स्वप्न पडलं म्हणून नाही झाली, ओरड झाली, केसेस झाल्या, दहशतवादाच्या कायद्यांवर नजर ठेवायला स्वतंत्र रिव्ह्यूअर म्हणून नेमलेल्या डेव्हिड अँडरसन यांनी रिपोर्टमागून रिपोर्ट लिहिले. सिल्व्ही बेगाल या बाईंची केस त्यातली मोठी. जानेवारी २०११ मध्ये पॅरिसला तुरुंगातल्या नवऱ्याला भेटून त्या मुलांसह ईस्ट मिडलंड्स एअरपोर्टला उतरल्या, वकील आल्याशिवाय उत्तर देणार नाही म्हणाल्या, आणि दोषी ठरल्या. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये चार विरुद्ध एकने कायदा उचलून धरला. स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क कोर्टाने फेब्रुवारी २०१९ मध्ये मात्र म्हटलं की तेव्हा कायदा जसा होता तसा तो खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग करत होता. आणि बारकाईने वाचलं तर त्या कोर्टानेही "संशय नाही म्हणजे बेकायदा" असं म्हटलेलं नाही, एकूण सगळं मिळून, वकील नाही, वेळ जास्त, देखरेख कमी, असं मिळून वाईट म्हटलंय. मला हे पटतं.

वेसण नसली की काय होतं याचा नमुना सरहद्दीवर नव्हे, लंडनच्या रस्त्यावर बघायला मिळाला. याच कायद्याचं कलम ४४ होतं, त्याखाली ठरवून दिलेल्या एरियात कुणालाही बिनसंशय थांबवून झडती घेता यायची. एरिया ठरवून द्यायचा म्हणजे काय, तर अख्खं लंडन, आणि मुदत संपली की पुन्हा अख्खं लंडन, असं वर्षानुवर्षं. २००९-१० या एका वर्षात या कलमाखाली एक लाखाच्या वर झडत्या झाल्या आणि दहशतवादासाठी अटक किती? एकही नाही. शून्य. २०१० मध्ये स्ट्रासबर्गने ते उडवलं आणि २०१२ मध्ये सरकारने कलमच बदललं. एक लाख माणसांचा अपमान करून शून्य अटक, याला सुरक्षा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

शेड्युल सेव्हनचे आकडेही खाली आलेत. २०११-१२ मध्ये जवळपास ६९ हजार लोकांची अशी चौकशी झाली होती, पाच वर्षांत तो आकडा २० हजारांच्या आत आला. म्हणजे नियम घट्ट केले, ऑफिसरना ट्रेनिंग सक्तीचं केलं, की निवड आपोआप सुधारते. अर्थात आशियाई चेहऱ्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त राहतं ही तक्रार आहेच, आणि त्यावरचं उत्तरही आहे की धोका ज्या रूटवरून येतो त्या रूटवर प्रवासीच तसे असतात. दोन्हीत तथ्य आहे. पण २०१६ मध्ये एका ब्रिटिश मुस्लिम मुलीला, जी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करायची, हनिमूनहून परत येताना डॉनकास्टर एअरपोर्टला याच अधिकाराखाली थांबवलं, कारण जाताना ती विमानात सीरियातल्या कलेबद्दलचं पुस्तक वाचत होती आणि कुणा केबिन क्रूने ते कळवलं. पंधरा मिनिटांत सोडलं तिला. फक्त पंधरा मिनिटं, पण मी विचार करतो की तेच पुस्तक माझ्या शेजारच्या गोऱ्या आजोबांच्या हातात असतं तर कुणी कळवलं असतं का, आणि उत्तर मला माहितीये, तुम्हालाही माहितीये.

आता फोन.

शेड्युल सेव्हनखाली तुमच्या जवळच्या वस्तू बघता येतात, तपासायला सात दिवस ठेवून घेता येतात आणि २०१४ पासून त्यांची कॉपी काढून ठेवता येते. ७४ साली "जवळच्या वस्तू" म्हणजे काय होतं? सुटकेस, पाकीट, एखादी डायरी. आज वस्तू म्हणजे फोन आणि फोन म्हणजे माझं घर, माझ्या घराचं कपाट, कपाटातला लॉकर, बायकोशी झालेलं भांडण, आईचे एमआरआय रिपोर्ट, बँक, ऑफिसची ईमेल, मित्राने रात्री दोनला पाठवलेला रडका मेसेज, म्हणजे त्या मित्राची पण झडती, ज्याने विमानात पाय सुद्धा ठेवला नाही. आणि पासवर्ड दिला नाही तर ते असहकार्यात धरलं जातं. दहशतवादविरोधी कारवाईत अडकलेल्यांची बाजू मांडणाऱ्या केज या संस्थेचे मुहम्मद रब्बानी यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये हीथ्रोला पासवर्ड द्यायला नकार दिला, त्यांचं म्हणणं होतं की आपल्या अशिलाची गोपनीय माहिती त्यात आहे, पुढच्या सप्टेंबरात ते दोषी ठरले, हायकोर्टातही अपील टिकलं नाही. त्यांची संस्था मला फारशी पसंत नाही, हे मुद्दाम सांगतो, पण माणूस नावडता असला म्हणून मुद्दा खोटा होत नाही.

पत्रकारांचं त्याआधीच झालं होतं. ऑगस्ट २०१३ मध्ये पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्डचा जोडीदार डेव्हिड मिरांडाला हीथ्रोला जवळजवळ पूर्ण नऊ तास बसवून ठेवलं, अमेरिकेची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनच्या फायली त्याच्याकडच्या ड्राइव्हवर होत्या म्हणून. २०१६ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की थांबवणं कायदेशीर होतं पण पत्रकारितेच्या साहित्याला पुरेसं संरक्षण या कायद्यात नाही. मग नियमात पत्रकारांसाठी संरक्षण आलं. छान. आणि एप्रिल २०२३ मध्ये सेंट पँक्रस स्टेशनला ट्रेनने आलेल्या एका फ्रेंच प्रकाशकाला थांबवून त्याच्या देशातल्या निदर्शनांबद्दल विचारलं, त्याने फोनचा पासकोड दिला नाही म्हणून अटक केली! स्वतंत्र रिव्ह्यूअर जोनाथन हॉल यांनी त्या केसवर वेगळा रिपोर्ट लिहिला आणि सांगितलं की हा अधिकार सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वापरायचा नसतो. नियमावली तेव्हाही होती. तिच्यात मनमानी नको हे तेव्हाही लिहिलेलं होतं.

म्हणून माझी मागणी एवढीच. वर मी म्हटलं होतं लक्षात ठेवा, कपडे उतरवून झडती घ्यायला कायदा ठोस संशय आणि वरिष्ठाची परवानगी मागतो. का मागतो? कारण अंगावरचे कपडे काढायला लावणं ही साध्या प्रश्नासारखी गोष्ट नाही हे सगळ्यांना कळतं. मग फोन पूर्ण उघडून त्याची कॉपी काढणं हे कपडे उतरवण्यापेक्षा कमी आहे असं ज्याला वाटतं त्याने आपला फोन अनलॉक करून समोरच्याला अर्धा तास देऊन दाखवावा. जी पायरी स्ट्रिप सर्चला आहे तीच फोनला लावा, नियमावलीत नव्हे, मूळ शेड्युलमध्ये लावा. संशय काय आहे तो आधी लिहा, वरच्याची सही घ्या, मग उघडा. तपासताना ती नोंद रिव्ह्यूअरला दिसली पाहिजे, प्रवाशाला तिथल्या तिथे दाखवली नाही तरी चालेल, गुप्त माहिती असते हे मला मान्य आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप, की अशाने अबेदी सुटेल. नाही सुटणार. लिबियाहून येणारा, आधीपासून एमआय-फाइव्हच्या फायलीत आलेला माणूस, त्याच्याबद्दल संशय लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. सुटेल ते सीरियन चित्रांचं पुस्तक. आणि ॲन-मरी मर्फीला पकडायला फोन लागलाच नव्हता, प्रश्न आणि बॅगेचं वजन लागलं होतं. दुसरा आक्षेप, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला. तो आक्षेप घेणाऱ्या एका काकांना मी विचारलं तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये फॉरवर्ड काय काय आहे, तर ते चहा गाळायला आत गेले ते गेलेच.

आणि "हे तिकडचं, आपल्याला काय" असं नाशिक-पुण्यातून कुणी म्हणत असेल तर आपल्याकडे निदान छापलेली नियमावली घेऊन भांडता येईल अशी परिस्थिती आहे का ते बघा. एअरपोर्टवरून परत पाठवायचं आपलं हत्यार म्हणजे लूकआउट सर्क्युलर, एलओसी, आणि ते संसदेने केलेल्या कलमाऐवजी गृहखात्याच्या ऑफिस मेमोरँडमवर चालतं. जानेवारी २०१५ मध्ये ग्रीनपीसच्या प्रिया पिल्लई यांना दिल्लीला विमानात चढू दिलं नाही, आणि चाललेल्या कुठे होत्या तर ब्रिटिश खासदारांशी बोलायला, दिल्ली हायकोर्टाने मार्चमध्ये ते रद्द केलं. मधल्या काळात या एलओसी मागायचा हक्क सरकारी बँकांच्या प्रमुखांना पण देऊन टाकला होता, म्हणजे कर्ज थकलं की परदेश बंद, तो मुंबई हायकोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये काढला. ब्रिटनचा स्वतंत्र रिव्ह्यूअर दर वर्षी सरकारची चंपी करतो आणि सरकार ती छापतं. आपल्याकडे असा माणूस नेमायचा झाला तर आधी कुणाचा भाचा आहे ते बघतील.

मावशी मे महिन्यात येतेय. तिचा पासकोड तिने फोनच्या कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवलाय, मी तीनदा सांगून झालं की काढ ती चिठ्ठी, ऐकत नाही. कुणी फोन मागितलाच तर ती घाबरणार नाही, शिक्षिका होती बत्तीस वर्षं, ती आधी विचारेल "कशाला हवाय?" आणि "अमुक अमुक संशय आहे म्हणून" असं उत्तर समोरच्याकडे असायलाच पाहिजे असं आजचा कायदा म्हणत नाही.